दगड म्हणायला डोंगर चढले

लग्न झाल्यापासून मुलगी शाळेत जाईपर्यंत मी 'दगड' हा शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता.

मला बोलता येत नव्हतं असं नाही. मी भिडस्त आहे, चारचौघांत माझी मान वर होत नाही, हे खरं. पण दगडाचं कारण वेगळं होतं. माझ्या नवऱ्याचं नाव दगडू. (लिहिलं बघा! हात कापला नाही, शाई सांडली नाही.) बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि नावाशी मिळता शब्दही टाळायचा, ही आमच्याकडची रीत. मग दगडाला धोंडा म्हणावं, तर माझ्या सासऱ्यांचं नाव धोंडिबा! ते वारले होते, पण नाव घरातच होतं. म्हणजे दगड गेला, धोंडाही गेला. आता निपाणीच्या बाजूला राहून माणसानं बोलायचं तरी कशाबद्दल?

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, ह्या बाबतीत फार कडक. मी नवी नवरी असताना त्यांनी मला चुलीपुढं बसवून सांगितलं होतं, "माझी आधीची दोन पोरं गेली गं. तिसरा झाला तवा दगडू नाव ठेवलं. दगडाकडं यम बघत न्हाय. तू नाव घेऊन त्याला दावू नगंस."

एवढं ऐकल्यावर कोण नाव घेईल? मी तांदूळ निवडताना 'खडा' म्हणायची, पाट्यावरच्या वरवंट्याला 'बत्ता' म्हणायची, आणि त्याहून मोठं काही आलं की बोट दाखवायची. सुमी, आमची मुलगी, पहिलीत गेली आणि घोळ झाला. मी तिची अक्षरं घेत होते. क कमळाचा झाला, ग गवताचा झाला, आणि 'द'वर माझी गाडी अडली. पुस्तकात चित्र दगडाचंच! मी म्हटलं, "द... बाबांचा." दुसऱ्या दिवशी भर वर्गात बाईंनी विचारलं, "द कशाचा?" सुमीनं खणखणीत सांगितलं, "द बाबांचा!" बाईंनी दगडाच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "मग हे काय आहे?" सुमी म्हणाली, "हेच बाबा."

ह्यांना त्याचं हसू आलं. हे कचेरीत कारकून. शिवाय आमच्या समाजाच्या सभेत भाषणं करायचे. "बंधू-भगिनींनो, जुन्या रूढी गाडून टाका! स्त्रीला बरोबरीनं वागवा!" असं टेबल बडवून सांगायचे. टाळ्या पडायच्या. मग घरी येऊन म्हणायचे, "वाढ गं. पाणी आण. आणि चपला नीट ठेव."

बरोबरीनं वागवायचं म्हणजे काय, ते मला आमच्या सहलींमध्ये कळायचं. कुठंही गेलो की माझं काम ठरलेलं. पिशव्या सांभाळायच्या! गोकाकचा धबधबा मी ऐकलाय, बघितलेला नाही. सगळे बघायला गेले तेव्हा मी झाडाखाली पिशव्यांजवळ होते. बेळगावच्या किल्ल्यात माझ्या वाट्याला दरवाजा आला. आत काय आहे हे सुमीनं मला सांगितलं. (तिच्या म्हणण्याप्रमाणे आत एक माकड आहे.)

तर आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. ह्यांना कचेरीत कुणी तरी सांगितलं की, निपाणीहून बेळगावला जाताना आत एक डोंगर आहे, आणि त्यावर शेकडो वर्षांपूर्वीचा पडका मठ आहे. दगडात बांधलेल्या खोल्या, खांब, वरच्या टोकाला मोठी ओवरी. लिंगायत म्हणायचे, आमच्या स्वामींचा मठ. जैन म्हणायचे, आमची बस्ती, म्हणजे देऊळ. ह्यांनी तो न बघताच ठरवलं की, हा आपल्या भिक्खूंचा विहार. तिथं सध्या शेळ्या राहत होत्या, त्या काही म्हणत नव्हत्या.

"रविवारी जायचं," हे म्हणाले. "आई, तू बी चल."

मी चुलीवर चहा ढवळत होते. चहाकडे बघतच म्हटलं, "ह्या खेपंला मी वर येणार."

"काय म्हनलीस?"

"वर येणार. डोंगरावर. टोकापातूर."

हे म्हणाले, "बघू की." आत्याबाई म्हणाल्या, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'न्हाय'. पण मी भाकऱ्या थापताना मनाशी ठरवलं होतं. गोकाक गेलं, किल्ला गेला, हा मठ मी सोडणार नाही. पडका तर पडका!

रविवारी लाल गाडीनं आम्हाला फाट्यावर सोडलं. तिथून चालत डोंगराखालच्या गावात गेलो. (गावाचं नाव लिहीत नाही. तिथं माझी अजून आठवण काढतात.) गाव सगळं कानडी. हे मिशीवरून हात फिरवून पुढं झाले. ह्यांना आपल्या कानडीची फार घमेंड. एका दारात बाई धारेचं भांडं घासत होती. हे तिला म्हणाले, "अक्का, हाल मठ एल्लि ऐत्री?"

बाई म्हणाली, "हाल इल्ल्री. मुगीत."

"बघा," हे आमच्याकडे वळून म्हणाले, "मठ न्हाय म्हणती. संपला म्हणती."

मी लग्नाआधी तंबाखूच्या वखारीत कानडी बायकांबरोबर बसून काम केलेलं. मी पदराआडून हळूच म्हटलं, "अहो, हाळ म्हंजे पडका. हाल म्हंजे दूध. तुम्ही दुधाचा मठ इचारताय. ती म्हणती दूध संपलं."

"तेच म्हनलो मी," हे म्हणाले. पण 'ळ' काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी त्या बाईनंच आमची दया येऊन डोंगराकडं हात केला.

पायथ्याला एक मोठं चिंचेचं झाड होतं. झाड बघताच मी काय ते ओळखलं. पिशव्या सांभाळायला इतकी चांगली जागा मी जन्मात बघितली नव्हती! आणि झालंही तसंच. हे म्हणाले, "वा, काय सावली हाय! आई, सुमी, तुम्ही बसा. आणि तू बी बस गं ह्यांच्याजवळ. पिशव्या सांभाळ. मी वर जाऊन येतो आणि सगळं सांगतो."

"मी येणार म्हनलं हुतं," मी म्हटलं.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, चांगलं लुगडं नेसलीयास. काट्यात फाटंल. आणि पिशव्या कोण सांभाळंल?"

मी एक पिशवी ह्या खांद्याला अडकवली, एक त्या हातात घेतली आणि सरळ डोंगराला लागले.

"अगं ए, कुठं चाललीस?"

"पिशव्या सांभाळायला! पिशव्या वर चालल्यात."

मागून आत्याबाई ओरडल्या, "अगं, भाकऱ्या त्यात हायती!" पण मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर परत फिरले असते. भिडस्त माणसाचं असंच असतं. एक तर तो हलत नाही, आणि हलला तर थांबायची भीड पडते.

हे धापा टाकत मागून आले. "लई शानी झालीस," म्हणाले. पण चार माणसं असल्याशिवाय ह्यांना बोलायला मजा येत नाही, आणि डोंगरावर मी एकटीच श्रोता होते. त्यामुळे थोड्याच वेळात राग विसरून भाषण सुरू झालं.

अर्ध्याच्या वर चढलो आणि मठ लागला. काय सांगू! ओळीनं लहान लहान खोल्या, निम्म्या जमिनीत बुडालेल्या, दारं इतकी ठेंगणी की आत जाताना कुणालाही वाकावंच लागेल. उभे खांब, आडवे खांब, मोडक्या पायऱ्या. जिकडं बघावं तिकडं माझ्या नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव पसरलेलं! इतकं सगळं डोळ्यांपुढं आणि एकाही गोष्टीचं नाव घेता येत नाही. मी आपली "हे केवढं!" "ते बघा!" "त्याच्यावर हे कसं ठेवलं असंल!" असं करत चालले होते.

हे एका खोलीच्या छपरावर चढले. छप्पर म्हणजे एकच लांबरुंद दगड. त्यावर उभं राहून हात पसरून म्हणाले, "हितं, ह्या खोलीत, भिक्खू ध्यानाला बसायचे! संसाराचा मोह सोडून—"

आणि मी बघितलं, पायाखालचा दगड हलत होता.

आता दुसरी कुणी बाई असती तर "दगड हलतोय, उतरा!" म्हणून मोकळी झाली असती. माझ्या घशापर्यंत तो शब्द आला आणि तिथं आत्याबाई बसलेल्या होत्या. मी ओरडले, "अहो, हलतंय!"

"काय हलतंय?"

"तुमच्या पायाखाली! तुमचं नाव हलतंय!"

"माझं नाव?" ह्यांनी छाती फुगवली. "माझं नाव असं हलणारं न्हाय!"

मी कसाबसा दुसरा शब्द शोधला. शाळेत एका कवितेत शिळा आली होती. मोठा दगड म्हणजे शिळा! मी जीव खाऊन ओरडले, "अहो, शिळा! शिळा!"

"शिळ्या? भाकऱ्या शिळ्या हायत व्हय?" हे तिथंच उभे राहून रागावले. "अगं, सकाळी थापल्यास न्हवं? मग शिळ्या कशा? आईला असलं खायला—"

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण तोवर हे खोलीत गेले होते. दगड एका बाजूनं कलला, हे घसरगुंडीवरून गेल्यासारखे आत गेले, आणि दगड तिरका होऊन वरची वाट आणि दार, दोन्ही अडवून बसला. धूळ उडाली. माझ्या हातातल्या पिशव्या कुठं पडल्या मला कळलं नाही. मी धावत जाऊन फटीला डोळा लावला.

"अहो! लागलं का हो?"

आतून आवाज आला, "न्हाय. खाली मऊ हाय."

"काय हाय?"

हे हळूच म्हणाले, "लेंड्या."

भिक्खू संसाराचा मोह सोडून बसायचे त्या जागेवर शेळ्यांनी गुडघाभर गादी घातली होती, आणि हे तिच्यात ध्यानाला बसल्यासारखे मांडी घालून बसले होते. केसाला धक्का नव्हता. मी दगड ढकलून बघितला. तो हलेना. (मघाशी हलत होता तेवढाच!)

"हाक मार कुणाला तरी!" हे आतून म्हणाले. "सांग, दगड पडलाय म्हणून!"

"काय पडलाय म्हणून सांगू?"

"दगड गं, दगड!"

"ते तुम्ही म्हणा. मला म्हणता येत न्हाय."

"मग धोंडा म्हण!"

"मामंजींचं नाव घेऊ?"

"मग गोटा म्हण!"

"गोटा पडलाय म्हनलं तर कोण येणार? लोक म्हणतील उचलून टाका."

आतून ह्यांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "अगं, मी सभेत एवढं सांगतो, रूढी मोडा म्हणून—"

"घरात कधी सांगितलंत?"

ह्यावर आतून फक्त एक शिंक आली.

आणि मला एकदम वखारीतल्या बायका आठवल्या. कानडीत! कानडीत दगडाला कल्लु म्हणतात. कानडीत माझा नवराही नाही आणि सासराही नाही! मी पदर खोचला आणि उभ्या जन्मात ओरडले नव्हते तसं ओरडले, "कल्लुऽऽ! कल्लु बिद्दैतीऽऽ!" दगड पडलाय!

लगेच पलीकडच्या खांबामागून घोंगडीवाला एक माणूस उठून उभा राहिला. घाबरून त्यानं आधी स्वतःच्या हातापायांकडं बघितलं आणि मला विचारलं, "ना एल्लि बिद्देनि?" म्हणजे, मी कुठं पडलोय?

हा शेळ्या राखणारा. नाव कल्लाप्पा. गावात सगळे त्याला कल्लु म्हणायचे. झोपेत त्याला ऐकू आलं की कुणी तरी बाई ओरडतेय, कल्लु पडला, कल्लु पडला! बिचारा आपण पडलोय का ते तपासत होता.

त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. "नीन अल्ल!" तू नव्हे! मी दगडाकडं बोट केलं. "ई कल्लु! नन्न गंड वळग अदार!" माझा नवरा आत आहे. कल्लाप्पानं फटीतून डोकावलं, आतल्या ह्यांना वाकून नमस्कार केला आणि दगडाला खांदा लावून बघितला. मग म्हणाला, एकट्याचं काम नाही, खाली जाऊन पहार आणि माणसं आणतो. आणि पळत सुटला.

इथवर बरं होतं. पण पळता पळता त्याला चिंचेखाली आत्याबाई दिसल्या, आणि भला माणूस त्यांनाही खबर देऊन गेला, "अज्जी, निम्म मगा कल्लिन केळग!"

आत्याबाईंना कानडी मोजकंच यायचं. पण मगा म्हणजे मुलगा, कल्लु म्हणजे दगड आणि केळग म्हणजे खाली, हे नेमकं यायचं. मुलगा दगडाखाली! वरून मला दिसलं, त्या एकदम जमिनीवर बसल्या आणि ऊर बडवायला लागल्या. वारा खालून वर होता, शब्द न् शब्द ऐकू येत होता. "माझा दगडू गेला गंऽऽ! तिसरा बी गेला गंऽऽ!"

मी कड्याच्या टोकाशी धावले. "आत्याबाईऽऽ! ते बरं हायतीऽऽ!"

"कोण बरं हायऽऽ?"

"तेऽऽ!"

"ते कोणऽऽ?"

"अहो, हेऽऽ!"

"ह्येऽ कोण गंऽऽ?"

"सुमीचे बाबाऽऽ!"

वाऱ्यानं अर्धं खाल्लं. आत्याबाईंनी सुमीला छातीशी कवटाळलं आणि ओरडल्या, "सुमी हितं हाय! माझा दगडू कुठं हाय त्ये सांगऽऽ!"

आणि पुन्हा ऊर बडवायला लागल्या. मला बघवेना. मठाच्या वरच्या टोकाला ती मोठी ओवरी होती, तिथून आवाज गेला असता. मी लुगडं वर धरून पायऱ्या चढत सुटले. मागून हे ओरडत होते, "अगं, मला सोडून कुठं चाललीस?" मी ओवरीच्या भिंतीवर चढले. त्याहून उंच त्या डोंगरात काहीच नव्हतं. माझ्या मनात आलं, ज्या नावानं ह्यांचा जीव राखायचा म्हणून मी गप्प बसले, ते नाव न घेतल्यानं खाली म्हातारीचा जीव चाललाय. येऊ दे यमाला! यायचंच असेल तर त्यालाही हा डोंगर चढावा लागेल, आणि वर मी उभी आहे!

मी डोळे मिटले आणि ओरडले, "दगडूऽऽऽ बरा हायऽऽऽ! दगडू जित्ता हायऽऽऽ!"

समोरच्या डोंगरानं ते उचललं. दगडूऽऽ, दगडूऽऽ, दगडूऽऽ! सगळं खोरं माझ्या नवऱ्याचं नाव घ्यायला लागलं. खालचा आत्याबाईंचा आवाज बंद झाला. मी डोळे उघडले, वीज पडली नव्हती. आणि खरं सांगते, मला चव लागली! मी पुन्हा ओरडले. "धोंडिबाचा दगडूऽऽ!" मग नुसतंच, "दगडऽऽ! धोंडाऽऽ! दगडऽऽ!" इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या दिवशी भिंतीवर उभं राहून मी मोकळं केलं. आतून हे ओरडत होते, "अगं, पुरे! कळलं! गाव ऐकतंय!"

"ऐकू द्या!" मी म्हटलं.

मग मी निवांत ओवरी बघितली. खांबांवरची कमळं बघितली, पाण्याचं टाकं बघितलं, लांबवर उसाची रानं आणि पत्र्याची चमकणारी घरं बघितली. आतून विचारणा झाली, "कुठं हाईस गं?"

"वर हाय. बघून येते आणि सगळं सांगते."

माणसं आली, पहार आली, दगड हलला, हे बाहेर आले. अंगाला जो वास होता तो लिहिण्यासारखा नाही. त्यांच्या मागोमाग आत्याबाई, एका हाताला सुमी धरून, धापा टाकत वर पोचल्या. लेकाला नखशिखान्त चाचपून बघितलं. मग माझ्याकडं वळल्या. मी मान खाली घातली. माझं सगळं शौर्य त्या भिंतीवरच राहिलं होतं.

"नाव घेतलंस?" त्या म्हणाल्या.

"व्हय."

"एवढ्या मोठ्यानं?"

"व्हय."

आत्याबाई मग तिथल्याच एका दगडावर टेकल्या आणि म्हणाल्या, "यम बी दचकला असंल. आता हिकडं फिरकायचा न्हाय." आणि पदरानं डोळे पुसून पुढं म्हणाल्या, "भूक लागलीय. भाकरी काढ."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. पिशव्या!

उभ्या आयुष्यात मी एकच काम नीट केलं होतं, पिशव्या सांभाळायचं. त्या पिशव्या खांबाजवळ उलट्या पडल्या होत्या आणि कल्लाप्पाच्या शेळ्या त्यांत तोंड घालून उभ्या होत्या. भाकऱ्या गेल्या, झुणका गेला, आत्याबाईंची पानाची चंचीसुद्धा गेली. भाकरीची एक कोर तेवढी शेळ्यांनी सोडली होती. बहुतेक शिळी असावी.

ह्यांनी पुढच्या सभेत सांगितलं की, आमच्या घरात आम्ही नावाची रूढी मोडली. 'आम्ही' म्हणाले! लेंड्यांचं काही बोलले नाहीत. पण माझं पिशव्या सांभाळायचं काम त्या दिवशी जे गेलं ते गेलं. हिच्या ताब्यात भाकरी द्यायची नाही असं घरात सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. आता डोंगर असो, किल्ला असो, मी आपली मोकळ्या हातानं टोकापर्यंत जाते. गोकाकचा धबधबाही बघून आले. तसा बरा आहे, पण ऐकायला जास्त मोठा वाटला होता.

खाली झाडाच्या सावलीत, पिशव्यांजवळ, दगडू बसतो.